तीन शिट्ट्यांचं बातमीपत्र

माझ्या लेकीची, जाईची आंघोळ आटोपते न आटोपते तोच शेजारच्या स्वयंपाकघरात निवडणूक सुरू व्हायची.

दोह्यात, अल सद्दमधल्या आमच्या बिल्डिंगच्या भिंती अशा, की पलीकडे कांदा चिरला तर अलीकडे डोळे चुरचुरावेत. पलीकडे राहायची योलांदा, मूळची कोलंबियाची. नवरा नव्या स्टेडियमवर दिव्यांच्या कामाला आणि ही घरी. कडेवर बाळ, हातात मोबाइल. रोज सकाळी ती त्या मोबाइलशी बोलायची आणि ते बोलणं दोह्यातल्या झाडून साऱ्या स्पॅनिश बोलणाऱ्यांना व्हॉट्सॲपवर पाठवून द्यायची. नाव होतं 'योलांदाचं स्वयंपाकघर'. आधी एक पदार्थ. मग कुणाला मुलगी झाली, कुणाला वापरलेली कार-सीट हवी आहे, कुणाचा नवरा वर्ल्ड कपच्या कामाने पार वाळून गेलाय. आणि सगळ्यात शेवटी, भातावर तूप सोडावं तसं, अलगद राजकारण. मे महिन्यात तिच्या देशात अध्यक्षपदाची निवडणूक होती, आणि त्या लोकांना परदेशात राहूनही मत देता येतं.

मला यातलं थोडंफार कळायचं, कारण कॉलेजात असताना एका उन्हाळ्याच्या सुट्टीत मी स्पॅनिशची पहिली पायरी केली होती. त्या पायरीवर मी इतकंच शिकले, की माझ्या काकांची छत्री लाल आहे. पण काका आणि छत्री वगळूनही योलांदाचा सूर कळायचा. तो थेट माझ्या आत्याचा सूर होता. "अजून नाव नोंदवलं नाहीस? मग करतोस काय दिवसभर?" हे कुठल्याही भाषेत कळतं.

"पण लोक ऐकतात का गं तुझं?" मी तिला एकदा विचारलं. आम्ही इंग्रजीत बोलायचो. आमचं दोघींचं इंग्रजी असं बेताचं होतं, की कुणालाच कमीपणा वाटू नये.

"ऐकतात म्हणजे? मागच्या निवडणुकीला लांबलचक सरकारी ईमेल आली होती. कुणी उघडलीसुद्धा नाही. मी मक्याच्या भाकरीची कृती सांगितली, आणि भाकरी उलटता उलटता म्हटलं, आता उठा आणि नाव नोंदवा. उठले!" मग बाळाच्या पाठीवर थोपटत ती म्हणाली, "गार्गी, मी घरी होते तेव्हा मतदानाचा दिवस झोपून काढायचे. तिथे मी फक्त मेदेयीन शहरातली एक मुलगी होते. इथे आले आणि टॅक्सीवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळे मला 'स्पॅनिश मॅडम' म्हणायला लागले. इतक्या लांब येऊन मला कळलं, मी कुठली आहे ते. आता मत दिल्याशिवाय चैन पडत नाही."

हे मला लागलं. पुण्यात मी कोथरूडची होते. मराठी मी दोह्यात झाले.

आणि मत? आपल्याला मत द्यायचं तर तिकीट काढून घरी जावं लागतं. लग्न झाल्यापासून माझ्या बोटाला शाई लागलेली नाही. माझ्या वाट्याला उरली होती ती 'दोहा मराठी परिवार' या आमच्या मंडळाची वार्षिक सभा, आणि तिथेही एका कुटुंबाला एकच मत. ते मत दरवर्षी माझा नवरा धवल हात वर करून देऊन यायचा. मी त्या वेळी मागच्या बाजूला सँडविचला चटणी लावत असायचे.

चटणी लावायची मला हौस नव्हती असं नाही. पण त्या वर्षी ठराव माझ्यावरच येऊन पडला.

दर शुक्रवारी सकाळी, अल वक्रामधल्या हॉलमध्ये, मी मंडळाच्या मुलांचा मराठी वर्ग घ्यायचे. वर्ग कसला, गोंधळ. पण गोंधळ मराठीत. घरी मी म्हणायचे, "जाई, पोळी खा." ती म्हणायची, "आय ॲम नॉट हंग्री, आई." त्यातला 'आई' तेवढा माझ्या वाटणीचा. नाशिकहून सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर विचारलं, "काय जेवलीस गं माझी बाय?" की जाई "राइस" म्हणून फोन माझ्या हातात द्यायची. सासूबाई हसायच्या. हसून झाल्यावर पदराने स्क्रीन पुसायच्या. वर्गात मात्र जाईला बाकीच्या पोरांवर ओरडायचं असायचं, आणि वर्गाचा नियम होता, ओरडायचं तर मराठीतच. एका शुक्रवारी ती वसईच्या पॉलीनच्या ॲश्लिनला म्हणाली, "सरक ना!" दोनच शब्द. मी पार्किंगमध्ये गाडीत बसून रडले.

आणि नेमका तोच वर्ग बंद करायचं घाटत होतं.

"गिरीशकाका म्हणतायत, वर्ल्ड कप होईपर्यंत शुक्रवारचा हॉल ढोल पथकाला द्यायचा," रात्री मेसईदच्या कारखान्यातून आल्यावर बूट काढता काढता धवल म्हणाला. एक बूट निघाला. दुसऱ्याला त्याने फार वेळ लावला.

"आणि वर्ग?"

"तूर्तास स्थगित."

मी हातातला झारा खाली ठेवला. आमच्या मंडळात तूर्तास स्थगित झालेली गोष्ट परत उभी राहिलेली कुणी पाहिलेली नाही. तूर्तास स्थगित झालेलं वाचनालय अजून अध्यक्ष गिरीशकाकांच्या घरी शैलजाकाकूंच्या पलंगाखाली आहे.

"सगळं जग दोह्यात येणार आहे," धवल गिरीशकाकांच्या आवाजात म्हणाला. "जगाला आपला ढोल ऐकू गेला पाहिजे."

"आणि तू हात कशासाठी वर करणार आहेस?"

धवलने बाल्कनीकडे बघितलं.

बाल्कनीत ढोल होता. धवल पक्का नाशिकचा. मागच्या सुट्टीत त्याने गावाहून तो ढोल विमानात घालून आणला होता. कस्टमवाल्याने विचारलं, हे काय? धवल म्हणाला, म्युझिक. तो म्हणाला, वाजवून दाखव. धवलने दाखवला, आणि त्यानंतर आम्हाला फार लवकर सोडलं. तेव्हापासून तो ढोल जुनी चादर पांघरून बाल्कनीत उभा होता, परत जायचं नाव न काढणाऱ्या पाहुण्यासारखा. फ्लॅटमध्ये वाजवायची सोय नाही. खालच्या मजल्यावरचे इकबालभाई आमची खुर्ची सरकली तरी वर येऊन तब्येत विचारतात. आणि पहाटे कंपनीच्या बसने जाऊन खताच्या कारखान्यात दिवसभर राबणाऱ्या माझ्या नवऱ्याला आठवड्यातून एकदा काहीतरी मनापासून बडवायचं होतं. मला ते कळत होतं. त्यामुळे धड चिडताही येईना.

दुसऱ्या दिवशी मी योलांदाकडे गेले. सगळं सांगितलं. ती बाळाला भरवत होती. भरवता भरवता एखाद्या सेनापतीसारखी ऐकत होती.

"ठराव बायकांनी वाचलाय?"

"ठराव इंग्रजीत आहे. ईमेलवर. नवऱ्यांच्या ऑफिसच्या ईमेलवर."

"म्हणजे कुणीच वाचलेला नाही. छान." ती म्हणाली. "तू बोल. तुझ्या भाषेत बोल. पण सुरुवातीलाच वर्गाबद्दल रडू नकोस. आधी त्यांना भूक लागू दे."

"माझ्याकडे वेळ कुठंय गं? जाई मला बाथरूममध्येसुद्धा एकटं सोडत नाही."

"दिवसात एकदाही शांतता नसते?"

विचार केला. असायची. डाळीचा कुकर लावला की जाई शिट्टीला घाबरून हॉलमध्ये सोफ्यामागे लपून बसायची. तिसरी शिट्टी होईपर्यंत यायची नाही. तेवढा वेळ माझा होता.

अशा रीतीने बातमीपत्र सुरू झालं.

"नमस्कार मंडळी, मी गार्गी. आज कैरीची डाळ. हरभऱ्याची डाळ भिजत घातली नसेल तर आत्ता घाला, मी थांबते." इथे पहिली शिट्टी. "पॉलीनकडे वसईहून सुकेळी आली आहेत, संपायच्या आत जा. शैलजाकाकूंचा गुडघा आता बरा आहे, विचारपूस करायला फोन करा, पण दुपारी नको, त्या सिरियल बघतात." दुसरी शिट्टी. "कैरी किसताना साल काढायची की नाही यावर पुणे आणि नाशिक यांच्यात आमच्या घरी एकमत नाही. आणि हो, आपल्या मुलांचा मराठी वर्ग बंद करायचा ठराव आला आहे. येत्या सभेत मतदान आहे." तिसरी शिट्टी. खलास.

मी ते मंडळातल्या बायकांच्या ग्रुपवर टाकलं आणि फोन उलटा करून ठेवला. वाटलं, कोण ऐकतंय.

पोळ्या होईपर्यंत फोन इतका थरथरला, की ओट्यावरून घरंगळून कणकेत पडला.

पहिल्यांदा पॉलीनचा आवाज. ती हॉस्पिटलात नर्स. बोलताना मागे ट्रॉली खडखडत होती. "अगो गार्गी, मला काय म्हायतच नाय! हे ईमेल ऑल्विनला येते, आनि तो त्याच्या आयशीचे मेसेज पन वाचीत नाय! मला एक सांग, एका घराचं एक मत, बरोबर. पन ते नवऱ्यानेच द्यायला पायजे असं कुठं लिवलंय?"

कुठेच लिहिलं नव्हतं. सवय होती, एवढंच. मी दुसऱ्या दिवशी मुगाच्या खिचडीत पॉलीनचा प्रश्न घातला. "घराचं मत कुणी द्यायचं, ते घरात ठरवा. जेवायच्या आधी ठरवलंत तर लवकर ठरतं."

योलांदाने भिंतीवर टकटक करून शाबासकी दिली.

त्यानंतर दोह्यातल्या मराठी घरांमध्ये काय काय झालं ते मला हळूहळू कळलं. कुणाकडे दोन दिवस अबोला. कुणाकडे नवऱ्याने "दोघं मिळून ठरवू" म्हटल्याचा बायकोला इतका धक्का बसला, की तिने त्याचा ताप बघितला. आणि एके सकाळी खुद्द गिरीशकाकांचा फोन आला.

"गार्गी, काल आमच्याकडे भाजीत मीठ नव्हतं."

"मग काका, त्यात मी काय करू?"

"तूच केलंस! ही म्हणते, आधी आपल्या घरचं मत कुणाचं ते ठरवू, मग मिठाचं बघू. अगं, मी एवढी वर्षं अध्यक्ष आहे. असं अळणी कधी जेवलो नव्हतो."

"काका, वर्ग बंद करू नका. मग मी नुसत्या खिचडीवरच थांबते."

"हे धमकावणं झालं."

"काका, मी आपली पाककृती सांगते हो."

त्यांनी फोन ठेवला. आणि आपलं स्वतःचं बातमीपत्र काढलं. 'अध्यक्षांचं मनोगत'. "सन्माननीय सभासद बंधू-भगिनींनो, सर्वप्रथम..." ते सर्वप्रथम संपेपर्यंत माझी डाळ, भात आणि बटाटे उकडून झाले. पॉलीनने कळवलं, की ॲश्लिनला झोप येत नसली की ती आता हेच लावते. गिरीशकाका हुशार माणूस. दोन दिवसांत त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याकडे खायला काहीच नाही. तिसऱ्या मनोगतात त्यांनी चहाची कृती सांगितली.

"पाणी उकळावे. योग्य वेळी त्यात चहा घालावा. योग्य वेळ कोणती, हे प्रत्येक सभासदाने आपापल्या विवेकाने ठरवावे. साखर बहुमताने..."

आणि मागून, लांबून, शैलजाकाकूंचा आवाज: "अहो, आलं राहिलं!"

त्या दिवसापासून मंडळात कुणीही काहीही विसरलं, की सगळे एकसुरात "अहो, आलं राहिलं!" म्हणायला लागले. अख्ख्या मनोगतातलं लोकांच्या लक्षात राहिलं ते एवढंच.

घरी मात्र आमचं काहीच ठरत नव्हतं. धवल यायचा, जेवायचा, जाईच्या केसांतून हात फिरवायचा. ती तोवर झोपलेली असायची. मी दोह्यातल्या घराघरात घुसून भांडणं लावत होते आणि माझ्या घरात ढोल हा शब्द निघाला की दोघंही पाणी प्यायला उठत होतो.

सभेच्या शुक्रवारी अल वक्राच्या हॉलबाहेर गाड्या लावायला जागा मिळेना. एरवी सभेला नवरे येत, पुढच्या दोन रांगांत बसत, हात वर करत आणि सँडविच खात. आज बाबागाड्या होत्या, आज्या होत्या, इकडून तिकडे पळणारी पोरं होती. बायका पुढच्या खुर्च्यांवर बसल्या होत्या आणि मागे दोन नवरे सँडविचला चटणी लावत होते. फार लावत होते, पण मी काही बोलले नाही.

योलांदाही आली होती, बाळाला घेऊन. "मला बघायचंच आहे," म्हणाली. दारात गिरीशकाकांनी विचारलं, या कोण? मी गडबडीत म्हटलं, निरीक्षक. त्यांनी तिला गुलाब दिला आणि पहिल्या रांगेत बसवलं. तिने ताबडतोब बाळाला दूध पाजायला घेतलं आणि सभेवर करडी नजर ठेवली.

हॉलचा रखवालदार इब्राहीम दारात उभा राहून घड्याळ दाखवत होता. जुम्म्याच्या नमाजाआधी हॉलला कुलूप लागतं. ते कुणाच्याही ठरावासाठी थांबत नाही.

"ठराव वाचून दाखवतो," गिरीशकाका म्हणाले.

"माहिती आहे!" सगळ्या बायका म्हणाल्या.

"माहिती आहे," नवरेही म्हणाले. याचं मला जरा नवल वाटलं.

"बरं. तर ठरावाच्या बाजूने, म्हणजे हॉल ढोल पथकाला द्यावा, असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा."

नवऱ्यांचे हात वर गेले.

"विरोधात?"

त्यांच्याच शेजारी बसलेल्या बायकांचे हात वर गेले.

गिरीशकाकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. हात तेवढेच. "अहो, एक कुटुंब, एक मत! असं नवऱ्याने इकडे आणि बायकोने तिकडे दिलं, तर दोन्ही मतं बाद. म्हणजे..." त्यांनी हॉलभर नजर फिरवली. "म्हणजे आपलं अख्खं मंडळच बाद होतंय."

"मग परत घ्या," पॉलीन म्हणाली. ऑल्विन ड्यूटीवर होता, त्यामुळे सबंध हॉलमध्ये तेवढं एकच घर एकमताचं होतं.

"परत घेऊन काय उपयोग? तुम्ही घरी ठरवून यायला हवं होतं."

"घरी ठरलं असतं तर इथे कशाला आलो असतो, काका?" मागून एक नवरा कळवळून म्हणाला.

शेवटी गिरीशकाकांनी जाहीर केलं, की सभा थोडा वेळ थांबेल. प्रत्येक जोडप्याने बाजूला जाऊन, आवाज न चढवता, एक काय ते ठरवून यावं. आमच्या मंडळाच्या इतिहासात हे पहिल्यांदाच. बघता बघता हॉलचे कोपरे, जिना, पार्किंग, पाण्याचा कूलर, सगळीकडे जोड्या उभ्या राहिल्या आणि कुजबुजायला लागल्या.

"तुझ्या आईच्या वेळी मी गप्प बसलो होतो ना?"

"तो विषय ढोलाचा आहे का?"

"बरं, तू म्हणशील तसं. पण मग एसी तेवीसवर."

"ठीक आहे, ढोलाला देते मत. पण मग तुमच्या भावाला डिसेंबरात मॅच बघायला बोलवायचं नाही."

योलांदा मधोमध उभी राहून हे सगळं डोळे भरून बघत होती. "आमच्याकडे असं नसतं," ती मला हळूच म्हणाली. "आमच्याकडे इतकी चर्चाच होत नाही."

धवल आणि मी चपलांच्या रॅकपाशी उभे राहिलो. तो चपला नीट जोडीने लावायला लागला. कुणाच्या कुणाच्या चपला.

"कैरीच्या डाळीत हिंग सांगायला विसरली होतीस," तो म्हणाला.

"तुला काय माहीत? तू कुठे ऐकलंस?"

"बसमध्ये. सगळेच ऐकतो ना भो आम्ही. कुणाची ना कुणाची बायको पाठवते. स्पीकरवर. परतीच्या बसमध्ये अख्खी मराठी गँग एकत्र बसते. ड्रायव्हर जहूरभाईंना मराठीतलं ओ की ठो कळत नाही, पण तिसरी शिट्टी झाली की तेच ओरडतात, 'चलो, अब इलेक्शन!'"

मी भिंतीला टेकले. इतके दिवस मला वाटत होतं, मी बायकांच्या कानात सांगतेय. आणि सगळ्या नवऱ्यांना सगळं पाठ होतं.

"मग मी काय म्हणते ते माहीतच होतं तुला."

"माहीत होतं म्हणून तर..." त्याने एक लहान सँडल उचलली, जाईचीच होती ती, आणि हातात धरून ठेवली. "जाई 'सरक ना' म्हणाली, आणि तू गाडीत बसून रडलीस. हे मला बसमध्ये, तुझ्या दुसऱ्या शिट्टीनंतर कळलं, गार्गी. मेसईदच्या गेटबाहेर. सगळ्यांबरोबर. सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. मला मान डोलवावी लागली, जसं काही मला आधीच माहीत होतं."

"तू दमून येतोस. ती झोपलेली असते. मग मी पण..."

"मग सांगायचं ना. उठवून सांगायचं. 'सरक ना' ऐकायला मी पहाटे तीनला पण उठलो असतो."

आत कुठेतरी कुणाचं तरी एकमत झालं. टाळ्या ऐकू आल्या.

"आणि ढोल?" मी विचारलं.

"ढोल काय." तो बराच वेळ सँडलचा बंद लावत आणि काढत राहिला. "मला वाजवायचंय. खोटं कशाला सांगू? जाम वाजवायचंय. पण ती मला 'बाबा' म्हणते आणि त्यापुढचं सगळं इंग्रजी. मला त्या 'बाबा'च्या पुढचं ऐकायचंय एकदा." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "जा. घरचा हात तू वर कर."

मी त्याचाच हात धरला आणि त्याला आत घेऊन आले. त्याच्या तळव्याला जाईच्या सँडलची वाळू होती.

दुसऱ्यांदा मतदान झालं. आमच्या घराचा हात मी वर केला, आणि माझ्या कोपराला धवलने खालून आधार दिला, मी थकेन म्हणून. गिरीशकाकांनी हात मोजले. परत मोजले. पॉलीनला मोजायला लावले. मग योलांदालाही, निरीक्षक म्हणून. तिने स्पॅनिशमध्ये मोजले, आणि हे मात्र मला पहिल्या पायरीच्या जोरावर कळलं: दोन्ही बाजू सारख्या.

"समसमान," गिरीशकाका म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. "म्हणजे आता..."

"अहो, आलं राहिलं!" कुणीतरी ओरडलं. "अध्यक्षांच्या घराचं मत राहिलं!"

गिरीशकाकांचा हात निघालाच होता वर. निघाला, कानापर्यंत आला, आणि थांबला. कारण शैलजाकाकू पहिल्या रांगेत बसून त्यांच्याकडे बघत होत्या. रागाने नाही. नुसत्या बघत होत्या.

"तुझं..." गिरीशकाकांनी घसा खाकरला. माईक चालू होता. "तुझं काय म्हणणं आहे?"

शैलजाकाकू गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. "मला वाटलं, विचारताच आता की नाही." लोक हसले. त्या हसल्या नाहीत. "आपला मधु लहान होता तेव्हा इथे असा वर्ग नव्हता. आता तो लांब गेलाय, तिकडून फोन करतो. मी मराठीत विचारते, तो इंग्रजीत सांगतो. मग तुम्ही मध्ये बसून मला माझ्या मुलाचं भाषांतर करून सांगता. चांगलं करता तुम्ही. पण मला नकोय ते, अहो."

कानापाशी थांबलेला हात गिरीशकाकांनी खाली घेतला आणि त्याच हाताने माईक तोंडाजवळ धरला.

"अध्यक्षांच्या कुटुंबाचं मत विरोधात," ते म्हणाले. "ठराव नामंजूर. वर्ग सुरू राहील."

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी जाईला शोधत होते. ती खुर्च्यांखाली ॲश्लिनबरोबर सँडविच खात बसली होती आणि तिला यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं. योलांदा उभी राहून, बाळाला कडेवर नाचवत, फुटबॉलच्या मॅचमध्ये ओरडतात तशी "गोऽऽऽऽल!" म्हणून ओरडली, आणि मग सगळेच ओरडले; ढोलवाल्या घरांचे तर जास्तच, कारण त्यांना कधीचं काहीतरी ओरडायचं होतं.

"आता शेवटचा विषय," गिरीशकाका घाम पुसत म्हणाले. हा विषय दरवर्षी असतो आणि दरवर्षी कुणीच काही बोलत नाही. "आयत्या वेळचे विषय. कुणाला काही मांडायचं आहे का? नसेल तर..."

हॉलमधल्या सगळ्या बायकांचे हात वर गेले.

गिरीशकाकांनी त्या हातांच्या जंगलाकडे बघितलं आणि खुर्चीचा आधार घेतला. पॉलीनला ठराव मराठीत पाठवायला हवे होते. कुणाला वाचनालय पलंगाखालून बाहेर हवं होतं. त्याला शैलजाकाकूंचं जोरदार अनुमोदन. कुणाचं म्हणणं पडलं, ढोल पथकाला मेसईदच्या पुढे वाळवंटात घेऊन जा, उंटांना काय ऐकायचं ते ऐकू दे. धवल ताडकन उठून म्हणाला, "चालेल!" आणि त्याला टाळ्या पडल्या. चटणी कुणी लावायची यावर दोन उपसूचना आल्या.

"यल्ला, यल्ला!" इब्राहीम दारातून किल्ल्या वाजवत म्हणाला.

"बस, दो मिनट, भाई," पॉलीन म्हणाली. "बैठो ना. सँडविच खाओ."

आणि तेवढ्यात खुर्च्यांच्या मधून एक हात वर आला. चटणी लागलेला, कोपरापर्यंत चिकट, सगळे हात वर करतायत म्हणून केलेला. जाईचा.

गिरीशकाका आता काहीही ऐकायला तयार होते. त्यांनी माईक खाली वाकवला. "बोला, सभासद."

जाईने आधी माईककडे बघितलं, मग गर्दीत शोधून धवलकडे.

"बाबा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज सबंध हॉलमध्ये घुमला, "मला शू आलीये."

धवल जागच्या जागी उभा, तोंड उघडं. मग तो माणूस खुर्च्यांवरून उड्या मारत गेला, तिला उचलून दाराकडे पळाला, आणि पळता पळता माझ्याकडे वळून बघत होता, मी ऐकलं ना, सगळ्यांनी ऐकलं ना. इब्राहीमने बाजूला होऊन बाथरूमचा दिवा लावला.

"पुढचा विषय घेऊ या का?" कुणीतरी विचारलं.

"नाही," गिरीशकाका म्हणाले आणि खाली बसले. "सभासद परत येईपर्यंत थांबू."